हिरवं पुस्तक आणि सुरतेची गाडी

अंकलेश्वरहून निघालेला रस्ता डेडियापाडा, सागबारा ओलांडून अक्कलकुव्याजवळ महाराष्ट्रात शिरतो. मग तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी खानदेशातली गावं घेत तो बऱ्हाणपूरला, म्हणजे मध्य प्रदेशात, जाऊन टेकतो. बहुतेक वाट डाव्या हाताला सातपुडा असतो. रस्ता एकच, राज्यं तीन. रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर जवळ पडतं आणि जिल्ह्याचं जळगाव लांब. शिरपूरकराला मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचा बाजार परका नाही. सोयरिकी, मजुरी, देवदर्शन, दवाखाना हे सगळं राज्यांच्या सीमारेषेच्या दोन्ही अंगांना वाटलेलं आहे. महाराष्ट्राच्या बाजूला ज्या आदिवासींना पावरा म्हणतात, त्यांचेच भाऊबंद पलीकडे बारेला म्हणून ओळखले जातात.

सरकारी कार्यक्रम मात्र ही रेषा काटेकोर पाळतात. एचआयव्ही प्रतिबंधाचंच पाहा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ साली दिल्लीत स्थापन झाली. पुढे प्रत्येक राज्याची स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था आली. महाराष्ट्राची १९९८ पासून मुंबईत आहे, गुजरातची अहमदाबादेत, मध्य प्रदेशची भोपाळमध्ये. त्याखाली जिल्ह्याचं पथक, तपासणी केंद्रं आणि औषधं देणारी एआरटी केंद्रं. निधी राज्याला मिळतो, उद्दिष्ट जिल्ह्याला, आणि आढावाही जिल्ह्याचाच होतो. चोपड्याचा मजूर बारडोलीत उसाच्या फडात असताना नेमका कोणत्या जिल्ह्याच्या आकड्यात मोजायचा, हा प्रश्न आढावा बैठकीत अडचणीचाच ठरतो.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. त्यातले चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात आहेत आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. प्रौढांमधलं प्रमाण देशभरात ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. २०२३ साली देशात साधारण ६८ हजार नवे संसर्ग झाल्याचा अंदाज आहे. २०१० च्या तुलनेत ही घट चाळीस टक्क्यांहून जास्त आहे, तेव्हा कार्यक्रम फसला असं कोणी म्हणू नये. पण लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्या पाहण्यांत हे प्रमाण अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरात येत राहिलं आहे.

अशा आकड्यांचा एक उलटा परिणामही झाला. नव्वदीच्या दशकात ट्रक ड्रायव्हर म्हटलं की एड्स, असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं आणि अजून पुरतं गेलेलं नाही. खरं तर आजचा आकडाच सांगतो की शंभरातल्या नव्याण्णव ड्रायव्हरांना हा संसर्ग नाही. धोका त्या धंद्यात नसतो. महिनोन् महिने घरापासून लांब राहणं, आजारी पडल्यावर ओळखीचा डॉक्टर नसणं आणि तपासणी केंद्र उघडं असतं त्या वेळी नेमकं स्टेअरिंगवर असणं, यात तो असतो.

खानदेशातून बाहेर जाणाऱ्यांचा सर्वांत जुना आणि मोठा ओघ गुजरातकडे आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची नावं रंगवलेली आहेत आणि लोक तिथे बसून हौसेनं फोटो काढतात. त्याच मार्गानं पिढ्यान् पिढ्या माणसं सुरतेला गेली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत कानावर अहिराणी पडते, खानदेशी आडनावांचे लोकप्रतिनिधी तिथून निवडून येतात. ही माणसं आता सुरतेचीच झाली आहेत. त्यांचं रेशनकार्ड, दवाखाना, मुलांची शाळा तिथंच. त्यांची सोय तुलनेनं सोपी.

अवघड आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना खानदेशातून मजूर जातात, ही गोष्ट डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोली परिसराच्या अभ्यासात सविस्तर मांडली होती. पद्धत फारशी बदललेली नाही. पावसाळ्यात मुकादम उचल देतो, दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ, कालव्याच्या काठी, जागा मिळेल तिथे पालं पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम तिथेच. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते आणि गाडी भरायची वेळ कारखाना ठरवतो. सरकारी दवाखान्याच्या सकाळच्या ओपीडीला जायचं म्हणजे दिवसाची तोड बुडवायची, आणि उचल तर आधीच अंगावर असते.

अशा कोयत्यावरची एखादी बाई गरोदर आहे असं समजा. गावात आशाताईंनी नेलं, उपकेंद्रात रक्त तपासलं, आणि एचआयव्ही निघाला. इथपर्यंतची यंत्रणा बरी चालते. गोळ्या ताबडतोब सुरू होतात. २०१७ पासून धोरणच तसं आहे, निदान झालं की उपचार. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईनं नीट गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध मिळालं, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. आता हिशेब महिन्यांचा. बाळंतपण पौषात, म्हणजे फडावर. बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे औषध पाजायचं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते खास कागदावर वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. मग सहा महिन्यांनी, वर्षानं आणि दीड वर्षानं पुन्हा तपासणी. नमुना गुजरातेतल्या केंद्रात घेतला गेला, तर अहवाल त्याच केंद्रात येणार. तोवर टोळी दुसऱ्या फडावर, नाहीतर होळीसाठी गावाकडे. बाळाची आई शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावर आणि बाळाचा अहवाल सुरत जिल्ह्यातल्या कपाटात, अशी ताटातूट व्हायला कुणाचा निष्काळजीपणा लागतच नाही. प्रत्येकानं आपापल्या जिल्ह्यापुरतं चोख काम केलं तरी ती होते.

हे प्रतिबंधाच्या लेखात कशाला, उपचाराच्या लेखात शोभेल, असं वाटू शकतं. पण ही दोन कामं आता वेगळी राहिलेली नाहीत. एचपीटीएन ०५२ नावाचा एक मोठा अभ्यास नऊ देशांत झाला. जोडीदारांपैकी एकाला संसर्ग आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात होती, आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुढच्या संशोधनानं त्याहून पुढची खात्री दिली: रक्तातला विषाणू मोजमापाच्या खाली गेला आणि तिथेच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. म्हणजे रोजची एक गोळी हेच प्रतिबंधाचं मोठं साधन झालं. फडावर महिनाभर गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होण्याची भीती असते, आणि नवरा-बायको दोघांचाही धोका परत येतो.

गोळ्या तुटू नयेत याची सोय नियमांत आहे. एआरटी केंद्रात रुग्णाच्या नोंदीचं पांढरं कार्ड राहतं आणि रुग्णाच्या हाती हिरवं पुस्तक दिलं जातं. त्यात औषधं, तारखा, तपासण्या. हे पुस्तक दाखवलं की देशातल्या कुठल्याही राज्याच्या केंद्रात प्रवासापुरत्या गोळ्या मिळू शकतात, मुक्काम लांबणार असेल तर नाव रीतसर तिकडे हलवता येतं. औषध सगळीकडे मोफत आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एका खेपेस तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या देण्याची पद्धतही रुळली, कोविडच्या काळात तर ती फारच उपयोगी पडली. नॅकोनं सोच नावाची संगणक प्रणाली आणली. एका केंद्राची नोंद दुसऱ्याला दिसावी हा तिचा एक हेतू.

मग अडतं कुठे? अडतं पालावर. एका पालात चार-पाच माणसं आणि पिशवी लपवायला जागा नाही. मुकादमाच्या हाती पुस्तक लागलं तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, या भीतीनं कोणी ते गावीच ठेवून जातं. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून न्यायच्या आणि पुडी संपली की संपली. नियम लिहिणाऱ्याला पालाची कल्पना नसते. समुपदेशकाला ती असायला हवी, आणि प्रशिक्षणाचा खरा विषय इथून सुरू होतो.

गुप्ततेचा मुद्दा दुसऱ्या बाजूनंही येतो. सीमाभागातले कार्यकर्ते ओळखून आहेत की काही माणसं मुद्दाम परराज्यातल्या केंद्रात नाव घालतात. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात कुणीतरी भाऊबंद शिपाई असतो, कुणी ओळखीची नर्स असते; चाळीस कोस लांब गेलं की कोणी ओळखत नाही. अशा माणसासाठी राज्याची सीमा हा आडोसा आहे. दोन राज्यांची केंद्रं एकमेकांशी बोलू लागली की हा आडोसा जाता कामा नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, नोकरी-शिक्षण-उपचारात भेदभाव करता येत नाही. तेव्हा सहकार्य म्हणजे सेंधव्याहून शिरपूरला नावांची यादी व्हॉट्सअॅपवर धाडणं नव्हे. उत्साही कर्मचाऱ्याला ते सहज सुचतं, म्हणून हे आवर्जून शिकवावं लागतं.

आता महामार्गाकडे. मुंबई-आग्रा रस्ता, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडचा रस्ता धुळ्याला एकत्र येतात, आणि आग्रा रोड शिरपूर तालुक्यातून पळासनेरवरून बिजासन घाट चढून सेंधव्याला जातो. एके काळी सीमेवरच्या नाक्यांवर ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागत. पथनाट्य करणाऱ्यांना, निरोध वाटणाऱ्यांना, आरोग्य शिबिरवाल्यांना त्या रांगा सोयीच्याच होत्या, कारण माणूस जागचा हलत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराच्या नाक्यांचं कामच संपलं. टोलवर फास्टॅग आला. ड्रायव्हरचा वेळ वाचला, आरोग्यवाल्यांचा हुकमी थांबा गेला. आता ड्रायव्हर भेटतो तो ढाब्यावर, पंपावर किंवा परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसाबाहेर. रावेर-सावद्याकडे केळी भरायला आलेल्या गाड्या दिल्ली, पंजाब, पार काश्मीरपर्यंत जातात. माल भरेस्तोवरचे काही तास हाताशी असतात, आणि तेच वापरावे लागतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नॅकोनं फार शहाणपणानं केली होती. गुप्तरोगांच्या उपचारासाठी लक्षणांनुसार तयार औषधसंच ठरवले आणि प्रत्येकाला रंग दिला. पहिला राखाडी, दुसरा हिरवा, तिसरा पांढरा, मग निळा, लाल, पिवळा, काळा. मूत्रमार्गातून स्राव असेल तर राखाडी संच, मग दवाखाना धुळ्याचा असो की इंदूरचा. ड्रायव्हरला औषधाचं नाव आठवत नाही, चिठ्ठी तर कधीच हरवलेली असते, पण डबीचा रंग आठवतो. पुढच्या राज्यातल्या नर्सला तेवढ्यावरून काय दिलं गेलं ते कळतं. अशा आजारांवर वेळेत इलाज झाला की एचआयव्हीचा धोकाही कमी होतो. सीमापार सहकार्य म्हणून याचा कुणी गाजावाजा केला नाही, पण होतं ते तेच. ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या फाउंडेशननं २००४ पासून ‘कवच’ प्रकल्पात महामार्गांवर ‘खुशी’ या एकाच नावाचे दवाखाने चालवले, त्यामागेही हाच विचार होता: राज्य बदललं तरी पाटी ओळखीची असावी.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर, हे काम वेगळ्याच वाटेनं झालं. मीना सेषू यांनी १९९२ मध्ये सांगलीत ‘संग्राम’ सुरू केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना उपदेश करायला बाहेरचं कोणी न जाता त्यांनीच एकमेकींना माहिती द्यावी, निरोध पोचवावेत, दवाखान्यात सोबत जावं, अशी पद्धत तिथे बसली. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या बायकांचं माहेर, आजोळ, देवाचं ठाणं उत्तर कर्नाटकात. धंद्याची गावं दोन्हीकडे. त्यामुळे सांगली-मिरजेत शिकलेली बाई निपाणीत जाऊन दुसरीला शिकवू लागली, कारण ती तिकडे जातच होती. दोन राज्यांच्या कार्यालयांना पत्रव्यवहार करून जे जमवायला वर्षं लागली असती, ते एसटीच्या तिकिटात झालं.

खानदेशानं यातून घेण्यासारखं बरंच आहे. सरकारी प्रकल्पांत अशा साधारण साठ स्त्रियांमागे एक सहकारी शिक्षिका, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘पीअर’, नेमलेली असते. तिचं प्रशिक्षण म्हणजे लाकडी प्रतिकृतीवर निरोध चढवून दाखवणं, वापराची मुदत आणि पाकीट कसं तपासायचं, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काय बोलायचं याचा जोडीजोडीनं सराव, तपासणीला नेताना काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही. हाच वर्ग शिरपूर आणि सेंधव्याच्या पीअरनी एकत्र केला, तर त्यांना एकमेकींचे चेहरे आणि फोन मिळतील. एखादी बाई महिनाभरासाठी पलीकडे गेली की तिला नाव विचारत बसायला नको. तिच्या मर्जीनं, तिच्या ओळखीच्या बाईकडून पुढचीचा नंबर मिळेल. समुपदेशकांचंही तसंच. जळगाव, धुळे, बऱ्हाणपूर, बडवानी, सुरत इथले समुपदेशक वर्षातून दोन दिवस एका खोलीत बसले, तर ‘कृपया रुग्णास पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ या चिठ्ठीमागे एक माणूस उभा राहतो.

जगात याची उदाहरणं कमी नाहीत. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात आला, आणि पुढच्याच वर्षी जर्मनी-पोलंड, ऑस्ट्रिया-स्लोव्हाकिया, इटली-स्लोव्हेनिया अशा सीमापट्ट्यांत बॉर्डरनेट नावाचं काम सुरू झालं. दोन्ही बाजूंची आरोग्यखाती, तपासणी केंद्रं आणि स्वयंसेवी संस्था यांना जोडून देणं हा त्याचा गाभा. आफ्रिकेत नॉर्थ स्टार अलायन्सनं जहाजी कंटेनरमध्ये ट्रकथांब्यांवर निळे दवाखाने थाटले आणि एका देशातली नोंद पुढच्या देशातल्या दवाखान्यात उघडता यावी अशी व्यवस्था केली. आपल्या शेजारी, केअर संस्थेच्या एम्फसिस प्रकल्पानं २००९ ते २०१४ या काळात नेपाळ, बांगलादेश आणि भारत या तीन देशांत, गावापासून कामाच्या ठिकाणापर्यंत, स्थलांतरितांची साखळी धरली. नेपाळच्या दूर पश्चिमेकडे तर एड्सला ‘मुंबईचा रोग’च म्हणत, इतकी तिथली माणसं मुंबईला येत. या सीमांवर कुठे भाषा, कुठे चलन, कुठे पासपोर्ट, कुठे वेगळे कायदे आडवे येत होते. खानदेशच्या सीमेवर भाषा थोडी बदलते, बाकी यातलं काही नाही. औषध तेच, पुस्तक तेच, कायदा तोच, मदतीचा १०९७ हा नंबरही सगळीकडे तोच.

आणि पंचांगही तेच. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, चोपडा-यावल-शिरपूरच्या डोंगरपट्टीत आणि पलीकडे बडवानी-खरगोनकडेही. ऊसतोडीला, बांधकामाला, सुरतेच्या कारखान्यांत गेलेला माणूस त्यासाठी उचल तोडूनही घरी येतो. स्थलांतरितांच्या मूळ गावी सणासुदीला आरोग्य शिबिरं घ्यावीत, हे नॅकोच्या धोरणात आहेच. पण शिबिराची तारीख प्रत्येक जिल्हा आपल्या सोयीनं ठरवतो, आणि मार्चअखेरच्या घाईत बिलं आधी की शिबिर आधी हेही कळत नाही. दोन्ही राज्यांनी भोंगऱ्याचे वार समोर ठेवून एकच वेळापत्रक केलं, पावरी-बारेली बोलणारे तरुण-तरुणी दोन्हीकडून एकत्र शिकवले आणि बाजाराच्या कडेला पडद्याआड बोटाच्या थेंबावरची तपासणी ठेवली, तर एका आठवड्यात जितकी माणसं भेटतील तितकी एरवी वर्षभर पाड्यांवर फिरून भेटणार नाहीत. बाजारात गर्दी असते, तेव्हा कोण कुठल्या तंबूत गेलं याकडे कुणाचं लक्षही नसतं. तपासणीत संसर्ग आढळला तर पक्क्या निदानासाठी केंद्रात जायचं असतंच. त्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न ‘गाव कोणतं’ हा नसून ‘दिवाळीनंतर कुठे असाल’ हा असायला हवा, आणि उत्तर बारडोली आलं तर हिरव्या पुस्तकात तिथल्या केंद्राचा पत्ता गाडीत बसायच्या आधीच लिहून द्यायला हवा.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी, १५,४७१ कोटींहून जास्त तरतूद होती. शिरपूरच्या चार समुपदेशकांना सेंधव्याला नेऊन आणण्याचा जीपचा खर्च त्यात कुठेतरी बसतो. तो कोणत्या राज्याच्या खात्यावर टाकायचा, एवढंच ठरायचं राहतं.